चौकात नवरा-नवरी का नाहीत?

प्रिय मनू,

हॉस्टेलच्या भिंतीवर लावलेल्या पोस्टरचा फोटो मिळाला, आणि सोबत तुझे दोन प्रश्नही: 'बाबा, खाली लग्नाचं चित्र असं लिहिलंय, मग मधोमध नवरा-नवरी का नाहीत? आणि आपल्या लग्नात असं काढतात का?'

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं: नाही. हा वारली आदिवासींचा लग्नचौक, म्हणजे लग्नासाठी भिंतीवर काढलेलं चौकोनी चित्र. पालघर जिल्ह्यात, डहाणू-तलासरी-जव्हारकडे त्यांची वस्ती. परदेशात आपण मराठी मंडळी 'आमची वारली' म्हणून मिरवतो, पण आपल्यातले कितीजण त्यांच्या लग्नाला गेलेत? मीही नाही. हे सगळं वाचून सांगतोय.

मधली ती पालघाट देवी. पीकपाणी, झाडोरा, पोरंबाळं, सगळं तिच्या हाती. लग्न ठरलं की घरातली भिंत शेणानं सारवून गेरूनं रंगवतात. तांदळाचं पीठ पाण्यात कालवलं की झाला पांढरा रंग आणि बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ केलं की झाला कुंचला. चौक काढायचा तो सवाशिणींनीच. (विधवेला बाजूला ठेवायची खोड आपल्या हळदीकुंकवातही आहे. मला ती दोन्हीकडे सारखीच खटकते.) पण गंमत बघ, लग्नाची गाणी म्हणणारी आणि विधी चालवणारी धवलेरी बाईच असते. आपल्याकडे बाईनं लग्न लावलं तर अजून बातमी होते!

चौक ही सजावट नव्हे, त्याच्याशिवाय लग्नच लागत नाही. देवीचं तोंड आधी झाकून ठेवतात. भगताच्या, म्हणजे त्यांच्या देवऋष्याच्या, अंगात येतं आणि मग ते उघडलं जातं. हे वाचलं तेव्हा मला आपला अंतरपाट आठवला. पांढऱ्या कापडावर कुंकवाचं स्वस्तिक, अलीकडे तुझी आई, पलीकडे मी. मंगलाष्टकं संपली, भटजींनी अंतरपाट बाजूला ओढला आणि डोक्यावर अक्षता. आपल्याकडेही एक चित्र मध्ये धरतात आणि ऐन मुहूर्तावर दूर करतात. तांदूळही दोन्हीकडे आहेतच.

शेजारच्या लहान चौकातला, तू ज्याला भूत म्हणालीस, तो पाचशिऱ्या देव. त्याला डोकं नाही, मानेतून धान्याची पाच कणसं फुटलेली. एका घरच्या लग्नात शेताचाही वाटा असतो, हे इतकं उघड सांगणारं दुसरं चित्र मला माहीत नाही.

भिंतीवरची ही कला कागदावर नेणाऱ्यांत मोठं नाव जिव्या सोमा मशे यांचं. १९७० च्या दशकात ते लग्नकार्य नसतानाही चित्रं काढू लागले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यामुळे वारली जगभर गेली, हे उत्तमच झालं. मात्र कॉफीच्या मगवर पालघाट दिसली की मला कसंसंच होतं. पोस्टर चालेल.

आता पहिला प्रश्न. पोस्टरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, चौकटीच्या बाहेर, करंगळीएवढा घोडा आहे. त्यावर बसलेत ते नवरा-नवरी. लग्न त्यांचं असलं तरी चौक देवीचा.

तुझा,
बाबा