रंगीत फिल्टर आणि कृष्णधवल फोटो : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : वडिलांच्या फिल्म कॅमेऱ्याचा गडद लाल फिल्टर घरात आहे. तो डीएसएलआरला लावला तर जुन्या फोटोंसारखे काळेभोर आकाश मिळेल का? (जुळे सोलापूर)

आकाश काळे होईल, पण फोटोची प्रत घसरेल. डिजिटल सेन्सरच्या बिंदूंवर आधीच रंगीत जाळी बसवलेली असते : निम्मे बिंदू हिरवे, पाव लाल, पाव निळे. पुढे लाल काच आली की हिरव्या-निळ्या बिंदूंपर्यंत प्रकाश जेमतेम पोहोचतो. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात खरे काम सहाच मेगापिक्सेल करतात आणि उरलेले अंदाजाने भरले जाते. बारकावे पुसट होतात, सावलीत नॉइज (रवाळ ठिपके) उठतो. शिवाय ही काच सुमारे तीन स्टॉप प्रकाश खाते (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा).

त्यापेक्षा रॉ फाइलमध्ये (सेन्सरची सगळी कच्ची माहिती जपणारी फाइल) रंगीत फोटो घ्या आणि लाइटरूममध्ये किंवा मोफत मिळणाऱ्या डार्कटेबलमध्ये कृष्णधवल करताना लाल रंगाची पट्टी वर, निळ्याची खाली करा, म्हणजे लाल उजळ आणि निळा गडद होतो. कॅमेऱ्याचा मोनोक्रोम मोड मात्र जरूर चालू ठेवा, त्यातला लाल किंवा पिवळा फिल्टर इफेक्टही. पडद्यावर कृष्णधवल चित्र दिसते, रॉमध्ये सगळे रंग शाबूत राहतात. चौकट ठरवतानाच छटा दिसणे फार मोलाचे आहे.

वडिलांचा फिल्टर टाकून देऊ नका. फिल्मवर तो आजही तितकाच उपयोगी आहे. २०१२ची लायका एम मोनोक्रोम किंवा २०२३चा पेंटॅक्स के-३ मार्क थ्री मोनोक्रोम अशा कॅमेऱ्यांत रंगीत जाळीच नसते. तिथे नंतर बदलायला रंग उरलेलेच नसतात, म्हणून काच आधीच लावावी लागते.

प्रश्न : आमच्या चादरींचे कृष्णधवल फोटो काढतो. लाल चादरीवरचे हिरवे मोर दिसेनासेच होतात. (अक्कलकोट रस्ता)

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण फिल्टर कशासाठी असतो ते इथेच कळते. लाल आणि हिरवा डोळ्याला कितीही वेगळे वाटोत, दोन्हींचा उजळपणा सारखा असला की राखाडी छटाही एकच होते. कृष्णधवल करण्याच्या नेहमीच्या सूत्रात हिरव्याला सुमारे ५९, लालला ३० आणि निळ्याला ११ टक्के वजन असते. तुमच्या चादरीत नेमके हे हिशेब बरोबरीत सुटतात.

लाल वर आणि हिरवा खाली नेला की पांढुरक्या चादरीवर काळे मोर येतील. उलट केले तर गडद चादरीवर उजळ मोर. मी दुसरे निवडेन. लाल चादर पाहणाऱ्याच्या मनात भारदस्त, गडदच असते. ती फिकट दिसली की चादर धुऊन विटल्यासारखी वाटते.

पण विणीचा उठाव कोणत्याही फिल्टरने येत नाही. त्यासाठी चादर कारखान्याच्या दाराशी आणा आणि उजेड एका बाजूने तिरपा पडू द्या. स्वस्त एलईडी दिव्यांत लाल प्रकाश कमी असतो. तिथे काढलेल्या फोटोत लाल वर ओढला की रवाळपणाच हाती येतो.

प्रश्न : मे महिन्यात सिद्धेश्वर तलावावर फोटो काढले. निळा कितीही खाली नेला तरी आकाश पांढरेच. (विजापूर रस्ता)

लाल फिल्टर निळ्याला गडद करतो. आपल्याकडे उन्हाळ्यात आकाशात धूळ असते आणि ते पांढुरके होते, मग गडद व्हायला निळा राहतोच कुठे? पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, सूर्याकडे पाठ करून पुन्हा काढा. निळा अगदी तळाला नेऊ नका. मंदिराच्या कडेने पांढरी रेघ उमटते आणि जेपेगमध्ये आकाशाला पट्टे पडतात.

पैसे खर्च करायचेच असतील तर पोलरायझर (लेन्सवर फिरवून लावायचा, चकाकी कापणारा फिल्टर) घ्या. पाण्यावरची चकाकीही तो कापतो आणि हे काम सॉफ्टवेअरला नीट जमत नाही. सूर्याशी काटकोनातल्या आकाशावर त्याचा परिणाम सर्वाधिक. वाइड लेन्सवर मात्र अर्धे आकाश गडद, अर्धे फिके होते.

प्रश्न : गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या) यात्रेत आजीचा फोटो काढला. लाल फिल्टर इफेक्टमध्ये कपाळावरचे कुंकूच गायब! (होटगी रस्ता)

लाल फिल्टर लाल गोष्टी उजळवतो. त्वचा उजळते, ओठ फिके पडतात आणि कुंकू कपाळात मिसळून जाते. आपल्या माणसांच्या चेहऱ्यांवर लाल फिल्टर मी वापरतच नाही. हिरवा निवडा. कुंकू गडद उमटेल, सुरकुत्याही बोलतील. त्वचा थोडी सावळी होते, तेव्हा एक्स्पोजर किंचित वाढवा. हळद मात्र हिरव्यातही उजळच राहील.

त्याच यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक घेताना लाल इफेक्ट बिनधास्त वापरा. पांढऱ्या बाराबंदीत (बंदांच्या पारंपरिक अंगरख्यात) सगळे रंग सारखेच असतात, म्हणून ती कोणत्याही फिल्टरमध्ये पांढरीच राहते. मागचे जानेवारीचे निळे आकाश तेवढे गडद होते आणि माणसे ठसठशीत उठून येतात. फक्त बाराबंदी जळू नये, म्हणजे तपशील हरवून नुसती पांढरी होऊ नये, म्हणून हिस्टोग्रामच्या (उजेडाच्या आलेखाच्या) उजव्या टोकाकडे लक्ष असू द्या.

प्रश्न : मोबाइलवर हे जमेल का? (सात रस्ता)

जमेल. फोटो रंगीतच काढा, फोनमध्ये रॉची सोय असेल तर ती वापरा. नंतर स्नॅपसीडमधल्या ब्लॅक अँड व्हाइट साधनात लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा असे फिल्टर आहेत. एकाच फोटोवर पाचही लावून पाहा. फोनच्या लेन्ससमोर रंगीत जिलेटिन कागद धरू नका.