चालताना वडिलांची पोटरी दुखते, थांबलं की बरं वाटतं. वयामुळे असेल का?

वयावर ढकलू नका. ठरावीक अंतर चाललं की पोटरीत गोळा येणं आणि दोन-चार मिनिटं उभं राहिलं की थांबणं, हे पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचं नेहमीचं लक्षण आहे. मणक्यात नस दबली तरी चालताना पाय दुखतात, पण तिथे बहुतेकदा नुसतं उभं राहून भागत नाही, बसावं किंवा वाकावं लागतं.

आजच त्यांचे दोन्ही पाय शेजारी ठेवून बघा. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गार लागतं का? नडगीवरचे केस जाऊन कातडी चकचकीत झालीय? बोटांच्या बेचक्यात किंवा टाचेला न भरणारी जखम? रात्री पाय ठणकतो म्हणून ते पलंगावरून खाली सोडून बसतात? शेवटच्या दोन गोष्टी असतील तर आजार बराच पुढे गेलाय, थांबू नका. मधुमेहात दुखणं अनेकदा जाणवतही नाही, त्यामुळे रोज डोळ्यांनी बघणं भाग आहे. आणि गार पायाला गरम पाण्याची पिशवी अजिबात नको, भाजलेलं कळत नाही.

डॉक्टर घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून तुलना करतात. घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागून येणारं गुणोत्तर ०.९ किंवा कमी आलं तर रक्तपुरवठा अपुरा. मग डॉपलर, म्हणजे धमन्यांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. विडी-सिगारेट, तंबाखू असेल तर आजपासून बंद.

पाय अचानक पांढरा, गार, बधिर पडला तर मात्र तडक हॉस्पिटल गाठा. काही तासांत पाय गमवावा लागू शकतो. एकच पोटरी सुजून गरम लागली तरी त्याच दिवशी दाखवा, शिरेत गुठळी असू शकते.