१/अ+ब लिहिणाऱ्याला नक्की काय म्हणायचं होतं?

अभ्यासगटाच्या सामायिक लाटेक (गणिती मजकूर टंकून छापण्याजोगा करणारी संगणकप्रणाली) फाइलमध्ये एकाची सूत्रं न विचारता नीट केली आणि तो दुखावला, यात माझं चुकलं का, असं तुम्ही विचारलंय. काय बदललं त्यावर ते अवलंबून आहे.

२^१० टंकलं की लाटेक फक्त १ वर चढवतं, शून्य खालीच राहतं. १०२४ म्हणायचं होतं, वाचणाऱ्याला वीससारखं काहीतरी दिसतं. १० भोवतीचा महिरपी कंस राहून गेलाय हे उघड आहे, तो खुशाल घाला. त्रिकोणमितीतलं साइन (sin) तिरक्या अक्षरांत उमटलं असेल तर तेही सरळ करा, नाहीतर तो सुट्या चलांचा गुणाकार वाटतो.

१/अ+ब ची गोष्ट वेगळी. एका विद्यार्थिनीच्या टिपणात मी हे नीटनेटकं करायला गेलो. वर १, मध्ये रेघ, खाली अ, पुढे अधिक ब. तिला छेदात अ+ब हवं होतं. तिच्या पुढच्या चारही ओळी बरोबर होत्या, माझ्यामुळे त्या चुकीच्या दिसू लागल्या आणि ती संध्याकाळभर स्वतःची चूक शोधत बसली. मला आजही त्याचं वाईट वाटतं. तेव्हापासून जिथे दोन अर्थ निघतात तिथे मी हात लावत नाही. त्या ओळीशेजारी टीप लिहून विचारतो, 'छेदात नुसता अ, की अ+ब?' पुष्कळदा त्या प्रश्नानेच लिहिणाऱ्याला आपली चूक सापडते.

जे चूक नाहीच, फक्त आपल्या सवयीचं नाही, तेही राहू द्या. फ्रेंच पद्धतीने शिकलेला माणूस टोकं वगळलेलं अंतराल ]०, १[ असं लिहितो, आपण (०, १). दोन्ही बरोबर.

लाटेक ज्या टेक या मूळ अक्षरजुळणी प्रणालीवर उभं आहे ती संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी १९७७ मध्ये करायला घेतली, स्वतःच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं बघून नाराज झाले म्हणून. छपाईबद्दल इतका काटेकोर माणूस, पण पुस्तकातली चूक पहिल्यांदा कळवणाऱ्याला २.५६ डॉलरचा चेक पाठवायचा. टेकमधली दुरुस्ती मात्र त्यांनी स्वतःच्याच हाती ठेवली. इतरांनी चूक दाखवायची, बदल ते करणार. मला ही रीत मनापासून पटते, कारण तिच्यात चूक शोधणाऱ्याचाही मान राहतो आणि लिहिणाऱ्याचाही.

तुमच्या मित्राला आजच कळवा, कुठल्या ओळीत काय बदललं ते. फाइलच्या इतिहासात जुनी प्रत असेलच. जिथे अर्थ बदलला असण्याची शंका आहे त्या ओळी पूर्ववत करा आणि त्याला विचारा.