मुंबईहून शनिवार-रविवारी जाऊन मांडवा ते गुहागर किनारा पायी चालायचा आहे. रोज २५ किमी धरून टप्पे पाडले तर चालेल का?

२५ जास्त होतात. डांबरी रस्त्यावर तेवढं अंतर जमतं, पण पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, ताशी तीन-साडेतीन किलोमीटरच्या वर वेग टिकत नाही. शनिवारी १५ ते १८ आणि रविवारी दुपारपर्यंत १० धरा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे टप्पे किलोमीटरवर पाडूच नका. आधी भरती-ओहोटी बघा, मग खाड्या बघा, अंतर सगळ्यात शेवटी.

चालायची जागा म्हणजे ओहोटीने उघडी पडलेली ओली, घट्ट वाळू. भरतीला ती पाण्याखाली जाते आणि वरची भुसभुशीत वाळू तासाभरात पोटऱ्या भरून आणते. म्हणून कॅलेंडरवरची तिथी बघून शनिवार निवडा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, आणि त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाला भरती आणि सव्वाबाराच्या सुमारास ओहोटी, त्यामुळे नऊ ते तीन वाळू तुमची. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराला भरती, म्हणजे ऐन चालायच्या वेळी पाणी सुरूच्या झाडांपर्यंत. अशा दिवशी उजाडताच निघून साडेआठपर्यंत आणि पुन्हा तीननंतर चालता येतं, मधला वेळ वाडीत सावलीला काढायचा. हा हिशेब मुंबईच्या आसपासचा आहे. दक्षिणेला सरकाल तशी भरती थोडी आधी येते, म्हणून निघण्यापूर्वी त्या-त्या बंदराचं भरतीचं कोष्टक बघाच.

यात एक मेख आहे. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी फार वर येत नाही तसं फार आतही जात नाही. दोन पुळणींच्या मधल्या खडकाळ टोकाला खालून वळसा घालायचा तर पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाची ओहोटीच लागते. माझं मत विचाराल तर तो वळसा घालूच नका. शेवाळलेल्या खडकावर पाय सरकतो, हात टेकला की कालवांच्या शिंपल्यांनी कापतो, आणि पाणी चढायला लागलं की मागचा रस्ता आधी बंद होतो. हरिहरेश्वरची खडकातली प्रदक्षिणेची वाटसुद्धा भरतीला पाण्यात जाते. टोक आलं की गावात शिरा आणि वरच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, उतरा. फक्त सड्यावर जांभा तापतो आणि सावली औषधालाही नसते, त्यामुळे तो भाग अकराच्या आत उरकेल असं बघा.

टप्पे असे पडतात. गेटवेहून बोटीने मांडवा, तिथून सासवणे, आवास, किहीम, थळ करत अलिबाग, हा पहिला. पुढे आक्षीच्या पुलावरून खाडी ओलांडून नागाव, रेवदंडा. मग साळावचा पूल, कोर्लई, काशीद, मुरूड. यात रस्ता बराच आहे आणि हा टप्पा एका दिवसात बसत नाही. मुरूडनंतर राजपुरीची खाडी, पलीकडे दिघीला तरीने, म्हणजे फेरीबोटीने, जायचं. पुढे दिवेआगर, शेखाडीवरून श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडला ते वेसवी, म्हणजे बाणकोटच्या खाडीवर, पुन्हा तर. मग वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, कर्दे, लाडघर, कोळथरे, दाभोळ. तिथून तरीने धोपावे आणि मग गुहागर.

खाडी असेल तिथे पूल किंवा तर, तिसरा मार्ग नाही. मुखाशी गुडघाभर पाणी दिसलं तरी उतरू नका. ओहोटीची ओढ सरळ समुद्राकडे असते, तळाची वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते आणि कडेच्या चिखलात मांडीपर्यंत पाय जातो. तरीची शेवटची वेळ आदल्या रात्री मुक्कामाच्या घरी विचारून घ्या.

टप्पा संपवायचा तो एसटी मिळते त्या गावात, म्हणजे पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करता येते. श्रीवर्धनपर्यंत एसटी आणि बोटीने भागतं. बाणकोटच्या पुढे गेलात की दापोली भागासाठी खेड आणि गुहागरसाठी चिपळूण स्टेशन सोयीचं. परतीचं रेल्वेचं तिकीट आधी काढा, रविवारी संध्याकाळी आयत्या वेळी जागा मिळणं कठीण.

उत्तरेकडून दक्षिणेकडेच चाला. हिवाळ्यात दुपारनंतरचा वारा बहुधा वायव्येकडून येतो आणि पाठीला लागतो. उलट चाललात तर तोच वारा वाळू डोळ्यांत घालतो. मात्र ऊन समोरून येतं, त्यामुळे पुढे झाप असलेली टोपी हवी. शिवाय पुळण समुद्राकडे उतरती असते आणि समुद्र सतत उजवीकडे, म्हणजे उजवा पाय कायम खालच्या बाजूला पडतो. दिवसभर तसं चाललं की दुसऱ्या दिवशी कंबर आणि गुडघा बोलायला लागतो. यावर उपाय म्हणजे पाण्याजवळची सपाट पट्टी धरायची आणि तासा-दीड तासाने थोडं गावातल्या रस्त्याने जायचं.

पायांसाठी वापरलेले, हलके धावायचे बूट आणि पातळ मोज्यांचे दोन जोड पुरतात. पट्ट्यांच्या सँडलमध्ये पट्टीखाली खारट वाळू अडकून कातडी सोलते. अनवाणी चालायचा मोह होतो, पण कोळीवाड्यांजवळ गळ आणि काचा असतात. सकाळी बोटांच्या बेचक्यांत आणि मांड्यांना व्हॅसलीन लावा. जिथं चुरचुरायला लागेल तिथं लगेच थांबून बूट झाडा आणि टेप लावा. फोड आल्यावर टेपचा उपयोग अर्धाच. पाठीवर पाच-सहा किलोच्या वर नको, त्यात तीन लिटर पाणी आणि ओआरएसच्या पुड्या धरल्या आहेत. पाणी वाडीतल्या घरांतून भरून मिळतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. पावसाळ्यात गेटवेच्या प्रवासी बोटी बंद असतात आणि ऑक्टोबरचं ऊन पुळणीवर सोसत नाही. याच थंडीत वेळास, हरिहरेश्वरच्या बाजूला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तिथं रात्री वाळूवर टॉर्च मारत फिरू नका, शेकोटी पेटवू नका आणि जाळीचं कुंपण घातलेल्या जागेला लांबून वळसा घाला.