वाचकांचे प्रश्न : नवा टीव्ही घरी आल्यावर

सणासुदीत घेतलेल्या टीव्हींबद्दल बरीच पत्रं आली आहेत. एकाच तक्रारीची पत्रं एकत्र करून त्यातलं एकेक इथे घेतलं आहे.

प्रश्न : जुना २१ इंची डबा काढून ४३ इंची फोरके टीव्ही घेतला. दुकानात चित्र आरशासारखं लख्ख होतं. घरी मालिकेतल्या चेहऱ्यांवर जणू पीठ भुरभुरलंय. खरं सांगायचं तर जुन्यावर याहून बरं दिसायचं. सदोष टीव्ही गळ्यात मारला का?
— वाचक, बार्शी

उत्तर : बहुधा नाही. तक्रार नोंदवण्याआधी टीव्हीतल्याच यूट्यूबवर एखादा व्हिडिओ लावा आणि क्वालिटीत जाऊन १०८० किंवा २१६० निवडा. तो स्वच्छ दिसला तर पॅनेल ठणठणीत आहे आणि दोष त्याला मिळणाऱ्या सिग्नलचा आहे.

आता सेट-टॉप बॉक्सवर या आणि टीव्हीच्या रिमोटवरचं इन्फोचं बटण दाबा. बॉक्सच्या रिमोटवरचं नव्हे. बॉक्स जसंच्या तसं चित्र पाठवत असेल आणि कोपऱ्यात ५७६ हा आकडा आला, तर तुम्ही साधी वाहिनी पाहताय. तिच्या चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके असतात. तुमच्या पडद्यावर आहेत ८२,९४,४००. एका ठिपक्याच्या जागी टीव्हीला वीस भरायचे असतात आणि एकोणीस तो अंदाजाने भरतो. शिवाय उपग्रहावरच्या एका ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे सिग्नल खाली पाठवणाऱ्या यंत्रावर, अनेक वाहिन्या कोंबलेल्या असल्याने चित्र आधीच दाबलेलं असतं. गर्दी, पाऊस, नदीचं पाणी अशा दृश्यांत चौकोनी ठोकळे दिसतात ते त्यामुळेच. जुन्या काचेच्या नळीचा पडदा लहान आणि मुळातच थोडा मऊ असायचा, त्यात हे सगळं झाकून जायचं.

उपाय क्रमाने करा. पहिलं, बॉक्स एचडी आहे का ते पाहा. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांनीच जोडला जाणारा बॉक्स असेल तर तो बदलल्याशिवाय काहीही होणार नाही. दुसरं, एचडी बॉक्स एचडीएमआय केबलनेच जोडा आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये आउटपुट १०८०आय करा. बरेच बॉक्स बसवताना ५७६ किंवा ७२० वर राहून जातात. तिसरं, वाहिनीचा क्रमांक. ही चूक फार घरांत होते : पॅकेज एचडीचं घेतलेलं असतं, पण बोटांना सवय जुन्या क्रमांकाची. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांच्या एचडी वाहिन्यांचे क्रमांक साध्या वाहिन्यांपेक्षा वेगळे असतात. ते शोधून फेव्हरिटमध्ये टाका.

एवढं करूनही काही वाहिन्या साध्याच राहतील, कारण त्या एचडीत नाहीतच. तिथे अंतर कामाला येतं. ४३ इंची पडद्याची उंची साधारण ५३ सेंटीमीटर. साध्या वाहिनीचे ठिपके डोळ्यांना वेगळे दिसू नयेत म्हणून उंचीच्या सहापट, म्हणजे दहा-साडेदहा फूट लांब बसावं लागतं. फुल एचडीला साडेपाच फूट पुरतात.

राहिला दुकानातला लखलखाट. दुकानात टीव्ही शॉप मोडवर असतो आणि त्यावर खास चित्रित केलेली फोरके फीत चालते. घरी आणल्यावरही तो मोड राहिला असेल तर दर काही मिनिटांनी जाहिरातीची पट्टी येते आणि तुम्ही केलेली सेटिंगं आपोआप पुसली जातात. सेटिंगमध्ये जाऊन ‘होम’ निवडा. मग पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’वरून ‘सिनेमा’ किंवा ‘स्टँडर्ड’वर आणा, कलर टेम्परेचर ‘वॉर्म’ करा. पहिले दोन दिवस सगळं पिवळट वाटेल, नंतर व्हिव्हिडचा निळसर चेहराच आजारी वाटू लागेल. शार्पनेस जवळपास शून्यावर आणा. अपवाद सोनीच्या बऱ्याच मॉडेलांचा, तिथे ५० हा तटस्थ आकडा आहे. शार्पनेस वाढवून तपशील वाढत नाही. कडांभोवती पांढरी किनार तेवढी उमटते. तुम्ही म्हणता ते ‘पीठ’ बहुतेक याच किनारीचं असणार.

प्रश्न : सगळी माणसं बुटकी नि रुंद दिसतात. बातम्यांची खालची पट्टी अर्धी कापलेली असते.
— वाचक, नागपूर

उत्तर : हे दोन वेगळे घोळ आहेत. ४:३ आकाराचं जुनं चित्र १६:९ च्या पडद्यावर ताणलं की रुंदी एक तृतीयांशाने वाढते आणि माणसं फुगतात. बॉक्समध्ये टीव्हीचा आकार १६:९ निवडा आणि त्याखालचा पर्याय ‘पिलर बॉक्स’ ठेवा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या योग्यच आहेत. घरातल्या कोणीतरी ‘पडदा पूर्ण भरत नाही’ म्हणून पुन्हा ताणून ठेवण्याची शक्यता मोठी, तेव्हा आधी सांगून ठेवा.

कापलेल्या पट्टीचं कारण ओव्हरस्कॅन. नळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा वेड्यावाकड्या असत म्हणून त्या चौकटीबाहेर ढकलायची पद्धत होती, ती नव्या टीव्हींतही उरली आहे. कंपनीनुसार ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फुल पिक्सेल’ हा पर्याय चालू केला की पट्टी पूर्ण दिसते.

प्रश्न : सिनेमा लावला की तो सिनेमा न वाटता मालिकेसारखा, फार गुळगुळीत दिसतो. क्रिकेटमध्ये चेंडू मध्येच अदृश्य होतो.
— वाचक, ठाणे

उत्तर : दोन्ही करामती एकाच सोयीच्या. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रं असतात. टीव्ही दोन चित्रांच्या मधली चित्रं स्वतः रचून घालतो, त्यामुळे हालचाल गुळगुळीत होते. छोटा, वेगवान चेंडू आधीच्या चित्रात कुठे होता हे नीट उमगलं नाही की रचलेल्या चित्रातून तो गळतो. बॅटच्या कडेभोवतीची हवा थरथरल्यासारखी दिसते तेही यातूनच.

एलजीत हे ‘ट्रूमोशन’, सोनीत ‘मोशनफ्लो’, सॅमसंगमध्ये ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’ या नावाने सापडेल. सिनेमासाठी पूर्ण बंद करा. सामन्यासाठी ‘कस्टम’मध्ये जाऊन डी-जडर (हालचाल गुळगुळीत करणारा आकडा) शून्य आणि डी-ब्लर (धूसरपणा घालवणारा) मध्यम ठेवून पाहा. बहुतेक टीव्हींत प्रत्येक इनपुटची सेटिंगं वेगळी साठवली जातात, म्हणून बॉक्सवर बदललेलं अ‍ॅपमध्येही पुन्हा बदलावं लागेल.

प्रश्न : संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवला की पार्श्वसंगीत कानठळ्या बसवतं. साउंडबार आणला, तर तो मुकाच!
— वाचक, कोल्हापूर

उत्तर : टीव्ही जितका पातळ, तितका स्पीकर केविलवाणा. त्यातून त्याचं तोंड खाली किंवा मागे भिंतीकडे. बॉक्समध्ये ऑडिओ ‘डॉल्बी’वर असेल तर तो ‘स्टिरिओ’ करा, टीव्हीतला सराउंड बंद आणि ‘क्लिअर व्हॉइस’ चालू करा. पाच स्पीकरांसाठी केलेल्या ध्वनीत संवाद मधल्या स्पीकरला दिलेले असतात. दोन स्पीकरांत ते मिसळताना दबतात, म्हणून ही खटपट.

साउंडबारसाठी टीव्हीच्या मागचे एचडीएमआय पोर्ट नीट वाचा. तीन असले तरी एआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर साउंडबारला देणारी सोय) असं सहसा एकावरच छापलेलं असतं, केबल तिथेच हवी. साउंडबारच्या टोकालाही ‘एआरसी’ किंवा ‘टीव्ही आउट’ लिहिलेलं पोर्ट धरा. मग टीव्हीत सीईसी, म्हणजे एचडीएमआयने जोडलेल्या उपकरणांना एकमेकांशी बोलू देणारी सोय, चालू करा. याचं नाव प्रत्येक कंपनीत वेगळं, ‘सिम्पलिंक’, ‘अ‍ॅनीनेट प्लस’, ‘ब्राव्हिया सिंक’. ऑडिओ आउटपुट ‘पीसीएम’, म्हणजे न दाबलेला साधा ध्वनी, ठेवा. साउंडबारला न कळणारा डॉल्बी प्रकार जात असेल तर तो मुका राहतो, पीसीएम बहुधा प्रत्येकाला कळतं. ओठ आणि शब्द मागेपुढे होत असतील तर ‘ऑडिओ डिले’ दहा-दहा मिलिसेकंदांनी सरकवा. ब्लूटूथने जोडलात तर हा त्रास जास्त होतो, केबल असताना त्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : भिंतीवर टांगताना उंची किती ठेवावी? आमच्या भिंतीला पावसाळ्यात पोपडे येतात.
— वाचक, रत्नागिरी

उत्तर : आधी भिंत बदला. पावसाचा मारा खाणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टीव्ही लावू नका, आतली कोरडी भिंत निवडा. पावसाळ्यात घर बंद असेल तर परतल्यावर खिडक्या उघडून काही तास जाऊ द्या, मग स्विच दाबा. राहत्या घरात रोज तासभर टीव्ही चालला तरी त्याच्याच उबेने आतली ओल निघून जाते.

उंचीबाबत आपल्याकडे मोठा गैरसमज आहे : टीव्ही देवाच्या तसबिरींच्या रांगेत टांगतात आणि मग मान दुखते. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून शंभर-एकशेदहा सेंटीमीटरवर असतात. पडद्याचा मध्य तिथे आला पाहिजे. म्हणजे ४३ इंची टीव्हीची खालची कड जमिनीपासून जेमतेम अडीच फुटांवर येईल. खाली बैठक घालून पाहणारं घर असेल तर आणखी खाली. उंच टांगणं भागच असेल तर पुढे झुकणारं ब्रॅकेट घ्या, कारण व्हीए या एका प्रकारच्या एलसीडी पॅनेलचे रंग खालून-बाजूने पाहिल्यास फिके पडतात.

ब्रॅकेट घेताना टीव्हीच्या मागच्या चार भोकांमधलं अंतर मोजा. २०० बाय २०० मिलिमीटर असेल तर त्याच मापाचं ब्रॅकेट हवं. भोकात काडी घालून खोली मोजा, त्यात ब्रॅकेटच्या पत्र्याची जाडी मिळवा, स्क्रू त्याहून लांब नको. लांब स्क्रू आत जाऊन पॅनेलला टेकला की त्या जागी पांढरा डाग उमटतो, आणि ते वॉरंटीत बसत नाही. विटांच्या भिंतीत ८ किंवा १० मिलिमीटरचं भोक, ५०-६० मिलिमीटर खोल, पुरतं. त्यातला गिलावा धरू नका, पकड विटेत हवी. नव्या इमारतींत एएसी ब्लॉक, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे, असतात, मिस्त्री त्यांना सिपोरेक्स म्हणतात. तिथे ड्रिलचा हॅमर बंद ठेवा आणि त्या ब्लॉकांसाठीच केलेले लांब नायलॉन प्लग वापरा. साधी गिट्टी काही महिन्यांत सैल होते.

प्रश्न : एचडीएमआय केबल लावताना हाताला झिणझिण्या येतात. स्टॅबिलायझर घ्यावा का?
— वाचक, बीड

उत्तर : टीव्हीच्या मागच्या लेबलवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असेल तर रोजच्या कमी-जास्त दाबासाठी स्टॅबिलायझरची गरज नाही. टीव्ही जळतात ते वेगळ्या कारणांनी. खांबावरचा न्यूट्रल तुटला की घरात ४०० व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो, आणि वीज कडाडताना डिशच्या केबलमधून झटका आत येतो. म्हणून ढग गडगडू लागले की प्लग काढाच, पण बॉक्सच्या मागची डिशची केबलही फिरवून सोडवा. ती विसरली जाते आणि नेमकं एचडीएमआय पोर्ट जातं. अचानक चढलेला दाब अडवणारा सर्ज प्रोटेक्टर हवाच असेल तर आधी अर्थिंग तपासून घ्या, अर्थिंगशिवाय तो नुसता महागडा एक्स्टेन्शन बोर्ड.

झिणझिण्यांचं कारण उपकरणाच्या आतल्या पॉवर सप्लायमधला फिल्टर कपॅसिटर, म्हणजे विजेतला गोंगाट गाळणारा छोटा भाग. दोन पिनांच्या प्लगच्या उपकरणांत त्यातून अगदी थोडा प्रवाह धातूच्या भागांवर येतो, टेस्टर लावला तर मिणमिणतो. हात झटकायला लावणारा धक्का मात्र यात मोडत नाही, त्यासाठी इलेक्ट्रिशियन बोलवा. केबल लावताना टीव्ही आणि बॉक्स दोन्हींचे प्लग काढा.

प्रश्न : पडद्यावर एक हिरवी उभी रेघ आली आहे. टीव्ही घेऊन सात महिने झाले.
— वाचक, सोलापूर

उत्तर : टीव्हीच्या सेटिंगचा मेनू उघडा. रेघ मेनूवरूनही जात असेल तर दोष पॅनेलचा. मेनूच्या मागे दडत असेल तर बॉक्स किंवा केबल पाहा. पॅनेलची रेघ वॉरंटीत बसते, मात्र तंत्रज्ञ आधी कोपरे टॉर्च लावून तपासतो. तडा किंवा दाब दिसला की ‘फिजिकल डॅमेज’ लिहिलं जातं. तो येण्याआधी बंद आणि चालू पडद्याचे, चारही कोपऱ्यांचे फोटो काढून ठेवा. आणि रेघ जावी म्हणून कड दाबत बसू नका, एकाच्या तीन होतात.

प्रश्न : पेन ड्राइव्हवरचा सिनेमा दिसतो, पण आवाज नाही. मराठी सबटायटलच्या जागी चौकोन येतात.
— वाचक, मडगाव

उत्तर : आवाज डीटीएस या ध्वनी-प्रकारातला असणार, अनेक टीव्हींत तो वाचायची सोय नसते. संगणकावर तेवढा ऑडिओ एएसी या दुसऱ्या ध्वनी-प्रकारात बदलून घ्या, चित्राला हात लावू नका. सबटायटलची फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि ‘सेव्ह अ‍ॅज’ करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ निवडा. नोटपॅडमध्येही अक्षरं अगम्य दिसत असतील तर ती श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत, आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावी लागतील. यूटीएफ-८ करूनही चौकोनच आले तर टीव्हीच्या प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्ट नाही. अँड्रॉइड टीव्ही असेल तर व्हीएलसी हे व्हिडिओ प्लेअर अ‍ॅप टाकून त्यातून लावा.