थायरॉईडची स्लाईड अडली की आधी हे बघ

अगं, थायरॉईडच्या गाठीतून सुईने काढलेल्या सेलचा न्यूक्लियस जरा मोठा दिसला की लगेच बेथेस्डा तीन (या तपासणीच्या रिपोर्टसाठीच्या बेथेस्डा पद्धतीतला 'नक्की सांगता येत नाही' हा गट) लिहू नको. आधी स्मिअर (काचेवर पसरलेले सेल) नीट फिक्स झालाय का बघ, अल्कोहोलात टाकायला उशीर झाला की सेल सुकून पसरतात आणि न्यूक्लियस उगाच मोठे, फिकट दिसतात. थायरॉईड सेलचे निदान सहा ग्रुप, प्रत्येकी निदान दहा सेल नसतील तर सॅम्पल अपुरं, पण एटिपिया (सेलचं वेगळं, संशयास्पद रूप) दिसत असेल तर 'अपुरं' लिहून मोकळं व्हायचं नाही हं! आणि एयूएस, म्हणजे तेच बेथेस्डा तीन, लिहिलंसच तर कशामुळे ते लिही, बेथेस्डाच्या 2023 च्या आवृत्तीत न्यूक्लियर एटिपिया आणि इतर असे दोन भाग केलेत, न्यूक्लियरमध्ये कॅन्सरची रिस्क जास्त. गोव्याच्या दक्षिण टोकाच्या काणकोणहून बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात आलेल्या बाईला परत सुईसाठी बोलवायचं म्हणजे तिचा अख्खा दिवस जातो, म्हणून रिपोर्ट सोडण्याआधी गाठ कशी दिसली ते विचारायला सोनोग्राफीवाल्यांना एक फोन करच.