'पाण्याच्या एका अणूत तीन परमाणू' यात माझ्या मुलीचं काय चुकलं?

मुलीला विषय कळलाय, हे आधी सांगतो. तिचं वाक्य हिंदीत बिनचूक आहे. मराठी पेपरात ते चूक ठरतं, म्हणून बाईंनी काट मारली. नववीची मराठी माध्यमाची पोरगी घरी हिंदी व्हिडिओ बघून अभ्यास करते असं तुम्हीच लिहिलंय. घोळ तिथंच झालाय.

आपल्याकडं मूलद्रव्याचा सगळ्यात लहान कण म्हणजे अणू, आणि अणू बंधानं जोडले गेले की रेणू. हिंदीत पहिल्याला परमाणु म्हणतात आणि दुसऱ्याला अणु. म्हणजे शब्द तोच, पण एक पायरी वर सरकलेला. खूण सोपी आहे: आपण अणुबॉम्ब म्हणतो, हिंदीत परमाणु बम म्हणतात. मी परभणीकडं विज्ञान शिकवतो. आमची पोरं घरात मराठी, गल्लीत हिंदी बोलतात, त्यामुळं ही चूक मी दरवर्षी तपासतो आणि दरवर्षी हळहळतो.

बाकीचे शब्दही वहीच्या मागच्या पानावर लिहून द्या. हिंदीतलं तत्व म्हणजे आपलं मूलद्रव्य, यौगिक म्हणजे संयुग, संयोजकता म्हणजे संयुजा. उपचयन आणि अपचयन ऐकू आलं की ऑक्सिडीकरण आणि क्षपण समजायचं.

पण नुसत्या पाठांतरानं शब्द टिकत नाहीत. घरी बोअरचं पाणी असेल तर ते तापवायचा रॉड प्लग काढून, गार झाल्यावर तिच्या हातात द्या. त्यावरची पांढरी खपली म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम बायकार्बोनेटचं उष्णतेनं अपघटन झालं, म्हणजे ते फुटलं, आणि हा अवक्षेप, म्हणजे न विरघळणारा साका, रॉडवर बसला. कॅल्शियमनं दोन इलेक्ट्रॉन गमावलेत, म्हणून तो धन आयन, म्हणजे धन प्रभार असलेला कण. कार्बोनेट मूलकावर, म्हणजे कार्बन-ऑक्सिजनच्या प्रभारित गटावर, दोन ऋण प्रभार. या दोघांमधली ओढ म्हणजे आयनिक बंध. कार्बोनेटच्या आत मात्र कार्बन आणि ऑक्सिजन इलेक्ट्रॉन वाटून घेतात, तो सहसंयुज बंध. चिमूटभर खपलीत दोन्ही बंध सापडतात, यापेक्षा चांगलं उदाहरण मला अजून मिळालेलं नाही.

आता खपली खरवडून तिच्यावर लिंबू पिळा. फसफसून जो वायू निघतो तो कार्बन डायऑक्साइड. तो चुन्याच्या निवळीत सोडला की निवळी दुधाळ होते, आणि तो दुधाळपणा म्हणजे पुन्हा रॉडवरचं कॅल्शियम कार्बोनेटच.